खुर्चीपर्यंत न गेलेले आप्पा

आमच्या निपाणीच्या घरी टीव्हीवरच्या प्रश्नांच्या कार्यक्रमाच्या वेळी कोणी पाहुणा आला, तर त्याला आधी पाणी मिळतं. चहा पहिली जाहिरात लागल्यावर. तब्येतीची चौकशी दुसऱ्या जाहिरातीत. एकदा लग्नाची पत्रिका घेऊन आलेले लांबचे नातेवाईक तीन जाहिराती बसून होते. ते उठून चपला घालायला लागले तेव्हा आप्पांनी त्यांना मोठ्या आपुलकीनं विचारलं, “मग, काय काम काढलंसा?”

आप्पा म्हणजे माझे वडील. पोस्टात पत्रं वाटण्यापासून सुरुवात केली आणि सबपोस्टमास्तर होऊन निवृत्त झाले. जगातल्या राजधान्या त्यांनी पुस्तकातून पाठ केल्या नाहीत, पाकिटांवरच्या शिक्क्यांवरून केल्या. गावातली पोरं मस्कतला, दोह्याला, कुवेतला गेलेली, त्यामुळे आखातात आप्पा अगदी पक्के. दक्षिण अमेरिकेत मात्र ते कच्चे राहिले, कारण निपाणीतलं कोणी तिकडे गेलंच नाही. तिकडचा प्रश्न आला की ते म्हणायचे, “ह्यो अभ्यासक्रमाच्या भायरचा हाय.”

सोमवार ते शुक्रवार हिंदी कार्यक्रम, शनिवार-रविवार कन्नड. मी बेळगावात एका पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि शनिवारच्या एसटीनं घरी येते, म्हणून माझ्या वाट्याला कन्नड कार्यक्रम. मराठी आमची घरची भाषा, कन्नड कचेरीची आणि बाजाराची, हिंदी सिनेमाची. तिन्ही भाषांत चुकीचं उत्तर देण्याची सोय आम्हा सीमेवरच्या लोकांना आहे. ती मुंबई-पुण्याच्या लोकांना नाही.

आप्पांचे प्रतिस्पर्धी म्हणजे समोरच्या घरातले गुरुजी. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्या घरचा टीव्ही आमच्यापेक्षा मोठा आहे, पण त्याच्यावर त्यांच्या सुनेचा ताबा. जेवून, हात पुसत ते आमच्याकडे यायचे आणि भिंतीला टेकून बसायचे. गुरुजींची पद्धत अशी की पर्याय आले की डोळे मिटून घ्यायचे, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचं, आणि पडद्यावर उत्तर हिरवं झालं की डोळे उघडून म्हणायचं, “ह्येच म्हणालतो मी.”

आप्पांनी हे वर्षभर सोसलं. मग एके दिवशी त्यांनी पोस्टाच्या जुन्या फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या केल्या. उत्तर येण्याआधी अ, ब, क, ड यांपैकी एक अक्षर लिहायचं आणि चिठ्ठी पालथी ठेवायची. चार दिवसांत आप्पांच्या लक्षात आलं की गुरुजी नेहमी ब लिहितात. उत्तर ब निघालं तर चिठ्ठी तशीच दाखवतात, आणि क निघालं तर चिठ्ठी उलटता उलटता ब च्या पाठीला शेपूट काढतात. चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेल्या माणसाचा हात, कोणाला दिसणार? मग आप्पांनी अक्षरं बंद करून आकडे आणले. एकाचा नऊ करता येतो, पण नववा पर्यायच नसतो. गुरुजी आठवडाभर रुसले होते.

आई या सगळ्यात नव्हती. ती आत भाकरी थापत असायची आणि दारातून नुसतं एका डोळ्यानं बघायची. प्रश्न ती ऐकतच नसे. खुर्चीवर बसलेल्या माणसानं उत्तर सांगितलं आणि कार्यक्रम चालवणाऱ्यानं मान तिरकी करून “नक्की?” असं विचारलं, की आतून आवाज यायचा, “चुकलाय त्यो.” आणि तो चुकलेलाच असायचा. आप्पा तिचे गुण धरत नसत. म्हणायचे, “ते ज्ञान न्हवं, अंदाज हाय.” ज्ञानाचे गुण आणि अंदाजाचे गुण वेगळे मांडले असते, तर आमच्या घरात आई कधीच पहिली आली असती.

माझ्याबद्दल बोलायचं तर एकदा खाण्याच्या सोड्याचं रासायनिक नाव विचारलं होतं. मी मोठ्या रुबाबात धुण्याच्या सोड्याचं सांगितलं. गुरुजींनी फक्त खाकरून घेतलं. आई म्हणाली, “तरीच गं. तुझ्या ढोकळ्याला साबणाचा वास येत हुता.” तेव्हापासून विज्ञानाचा प्रश्न आला की सगळे माझ्याकडे न बघता उत्तर देतात.

असंच सगळं चाललेलं असताना एका शनिवारी कन्नड कार्यक्रमात सांगितलं, की ज्यांना खुर्चीवर यायचंय त्यांनी मोबाइलवरून अर्ज भरावा. आप्पा पडद्याकडेच बघत म्हणाले, “घाल की गं आपलं बी.” असं म्हणाले जसं काही दळण टाकून ये म्हणतायत. पण मला माहीत होतं. हा माणूस वीस वर्षं त्या खुर्चीकडे बघत होता.

रात्रीची भांडी व्हायच्या आत मी अर्ज भरला. नाव, वय, शिक्षण, आवड. शेवटी एक रिकामा चौकोन होता: आपल्या जीवनसंघर्षाबद्दल शंभर शब्दांत लिहा. मी मुलांना सतत सांगते, विचारलंय तेवढंच लिहा आणि परीक्षकाला काय हवंय ते ओळखा. मी ओळखलं. जन्म तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या आईबापांच्या पोटी. पत्र्याचं घर. वसतिगृहात राहून शिक्षण. सायकलवरून ऊन-पावसात पत्रं वाटली. पत्नीनंही तरुणपणी तंबाखूच्या वखारीत काम केलं. सगळं खरंच होतं. शंभर शब्दांत नव्वद शब्द दुःखाचे बसले, आणि दहा ज्ञानाचे. आप्पांना मी ते वाचून दाखवलं नाही. दळण टाकायला सांगणारा माणूस गिरणीत काय चालतं ते विचारत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

महिन्याभरानं फोन आला. मी प्रयोगशाळेत होते. पलीकडून एक मुलगी गोड कन्नडमध्ये म्हणाली, की तुमच्या वडिलांना हुबळीला चाचणीसाठी बोलावलंय.

हुबळीच्या हॉटेलात दोनेकशे माणसं होती. प्रत्येकाच्या हातात सामान्यज्ञानाचं जाड पुस्तक, आणि प्रत्येकाबरोबर एक नातेवाईक, जो त्या माणसापेक्षा जास्त घाबरलेला. वीस प्रश्नांचा पेपर झाला. आप्पा बाहेर आले ते पोस्टाचा स्टॅम्प उमटावा तसं हसत. “दक्षिण अमेरिका न्हवती,” म्हणाले.

दुपारी पास झालेल्यांची नावं वाचली. त्यात आप्पा होते. मग कॅमेऱ्यापुढे मुलाखत. मला भिंतीशी उभं राहू दिलं. फोनवरचीच ती मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र, हातात माझ्या अर्जाचा कागद. तिनं एकही सामान्यज्ञानाचा प्रश्न विचारला नाही. लहानपणी उपाशी झोपला होता का, विचारलं. शाळेत वेगळं बसवायचे का, विचारलं. आप्पा दर वेळी थोडा विचार करून थोडक्यात उत्तर देत होते, जसं काउंटरवर देत असत. शेवटी ती आवाज खाली आणून म्हणाली, “सर, तुम्ही त्या समाजातले ना?”

“व्हय,” आप्पा म्हणाले. “पोस्टातला.”

ती गोंधळली, हसली, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. आठवड्याभरानं कळवलं, की आमची माणसं निपाणीला येऊन तुमच्यावर छोटी फिल्म करतील. ती कार्यक्रमात दाखवतात. त्यानंतर शेवटची निवड.

गल्लीत बातमी पोहोचायला वेळ लागला नाही, कारण गुरुजी स्वतः घरोघरी सांगून आले. त्याच संध्याकाळी त्यांनी आपलं प्रशिक्षकपद जाहीर केलं. रोज सकाळी सातला ते पुस्तक घेऊन हजर व्हायचे आणि ओट्यावर बसून प्रश्न विचारायचे. आप्पा आंघोळीला गेले तरी दाराबाहेरून विचारायचे. एका सकाळी गुरुजी पान उलटता उलटता थांबले, चष्मा वर केला आणि गंभीरपणे म्हणाले, “पोस्टमास्तर, समजा त्यांनी इच्यारलं, बेळगाव कुठल्या राज्यात हाय?”

आई झाडू घेऊन आली होती, तीही थांबली.

“लाइफलाइन घेतो,” आप्पा म्हणाले. “तुमाला फोन लावतो.”

गुरुजींनी पुस्तक मिटलं. त्या दिवशी पुढचा अभ्यास झाला नाही.

पण तो प्रश्न दुसऱ्यांनाही पडला होता. दोन दिवसांनी गल्लीतले एक मराठी पुढारी आले. चहा घेतला आणि म्हणाले, “तिथं जाऊन कानडीत बोलणार तुमी?”

“प्रश्न कानडीत हाय,” आप्पा म्हणाले.

“आसूं दे. उत्तर मराठीत द्या. सगळ्या राज्यानं ऐकू दे.”

“उत्तर अ न्हायतर ब असतंय, सायेब. ते कुठल्या भाषेतलं समजायचं?”

पुढाऱ्यांनी यावर विचार करून सांगतो म्हटलं, आणि तुम्ही सांगाल तसं करू, हो, असं म्हणून आप्पांनी त्यांना निरोप दिला. दुसऱ्या दिवशी कन्नड बाजूचे एक पुढारी आले. त्यांनीही चहा घेतला. त्यांचं म्हणणं होतं, की सीमेवरचे लोक किती सुखात आहेत यावर सरांनी शेवटी दोन वाक्यं बोलावीत. आप्पा त्यांनाही हो म्हणाले. मी विचारलं, दोघांनाही हो कसं म्हणालात? तर म्हणाले, “पोस्टात आलेलं पाकीट कुणी परत करतंय काय? घ्यायचं आणि ठेवायचं.”

फिल्म करणारे एका रविवारी सकाळी आले. ती मुलगी, एक टोपीवाला दिग्दर्शक आणि कॅमेऱ्याचे तिघे. आईनं अंगणात रांगोळी घातली होती. आप्पांनी पांढरा शर्ट कडक इस्त्री करून घातला होता. गुरुजी कोट घालून दाराशी उभे होते, कोणी विचारलं नव्हतं तरी. गाडीतून उतरून दिग्दर्शकानं आमच्या घराकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा पडला.

आमचं घर दुमजली आहे. फरशी आहे, इन्व्हर्टर आहे. भिंतीवर माझी पदवी चौकटीत लावलेली आहे.

“हळे मने इल्वा?” त्यानं विचारलं. जुनं घर नाही का?

“पाडलं की,” आप्पा म्हणाले. “त्याच जागेवर ह्ये बांधलं.”

दिग्दर्शकानं अशी मान हलवली, की जणू आम्ही घाई केली. मग कामाला लागले. फ्रिजवर चादर टाकली. इन्व्हर्टर पडद्याआड गेला. माझी पदवी भिंतीवरून उतरवून पलंगाखाली सरकवली. तिथे चौकोनी पांढरा डाग दिसायला लागला, तेव्हा त्यावर जुनं कॅलेंडर टांगलं. पाऊण तासात त्यांनी आम्हाला तीस वर्षं मागे नेलं. आप्पांनी हे घर बांधायला नोकरीची सगळी वर्षं घालवली होती.

मग सायकल. आप्पा स्कूटर चालवतात. सायकल गुरुजींच्या नातवाची मिळाली, पण ती गिअरची आणि भडक पोपटी. शेवटी दूधवाल्याची आणली, किटल्या काढून ठेवून. आप्पांच्या खांद्यावर टपालाची पिशवी म्हणून कांद्याचं पोतं दिलं. दगडी चढावरून त्यांना तीनदा वर चढवलं. पहिल्यांदा आप्पा हसत होते, म्हणून रद्द. दुसऱ्यांदा मागे गुरुजी कोटात दिसले, म्हणून रद्द. तिसऱ्यांदा आप्पांना खरोखरच धाप लागली. दिग्दर्शक “सूपर!” म्हणून ओरडला. मी पाण्याची बाटली घेऊन धावले, तर दिग्दर्शकानं हात करून मला थांबवलं. घाम हवा होता त्यांना.

“कशाला करताय आप्पा?” मी विचारलं.

“सासष्ट वयाचा हाय मी, सायकल येत न्हाय व्हय मला?” ते म्हणाले. “एवढं केलं की खुर्चीच हाय पुढं.”

त्यानंतर शेजारच्या गोठ्यात नेलं. तुम्ही इथे बसून अभ्यास केलात ना, असं दिग्दर्शकानं विचारलं. आप्पा म्हणाले, न्हाय, वसतिगृहात केला, तिथं दिवे होते. दिग्दर्शक म्हणाला, प्रेक्षकांना वसतिगृह कळत नाही, गोठा कळतो. तेव्हा आप्पा गोठ्यात बसले, हातात गुरुजींचं सामान्यज्ञान. म्हशीनं मान वळवून निवांतपणे एक पान ओढलं आणि चावायला सुरुवात केली. गुरुजी बाहेरून ओरडले, “अवो, नद्यांचं पान हाय ते!”

एवढं होईपर्यंत दुपार झाली. मग मुलीनं यादी बघितली आणि म्हणाली, आता अम्मांचा सीन.

गावाबाहेरची एक बंद वखार त्यांनी मालकाला विचारून उघडून घेतली होती. अम्मांनी तिथे जमिनीवर बसून तंबाखू निवडायचा, आणि सर मागे उभे राहून बघतील. आईनं त्या दिवसासाठी बेळगाव-शहापूरच्या मागावरची चांगली साडी नेसली होती, हिरवी, बारीक काठाची. मुलगी म्हणाली, अम्मा, जुनी साडी नेसाल का?

“जुन्या न्हाईत,” आई म्हणाली. “बोहारणीला दिल्या. दोन पातेली आली.”

मुलगी हसली. ती वाईट नव्हती, हे मी सांगायला हवं. सकाळपासून उपाशी होती आणि घरच्या कोणाचा तरी फोन सारखा कापत होती. आईचा हात हातात घेऊन तिनं विचारलं, “अम्मा, स्वल्प अळ्तीरा?” थोडं रडाल का?

“याके?” आईनं विचारलं. का?

मुलगी खरं तेच बोलली. म्हणाली, लोकांना आवडतं, अम्मा. दुःख नसलं की लोक चॅनल बदलतात. तुम्ही फक्त त्या वखारीत एकदा बसा, बसलात की आपोआप येईल.

आईनं आपला हात सोडवून घेतला. आप्पांकडे वळून म्हणाली, “अवो, तुमी प्रश्नाला चाललाईसा, का मला परत वखारीत कामाला लावालाईसा?”

आप्पांच्या खांद्यावर अजून ते कांद्याचं पोतं होतं. त्यांनी ते काढलं, पायरीवर ठेवून नीट चौपदरी घडी घातली. पोस्टातला माणूस पोतं असं गोळा करून टाकत नाही. मग दिग्दर्शकाला काउंटरवरच्या शांत कन्नडमध्ये म्हणाले, की मला सायकलवर बसवलंत, गोठ्यात बसवलंत, माझं काही म्हणणं नाही. हिचं मात्र राहू दे. हिला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल, आणि सांगायचं नसेल तर ते तिचं आहे.

दिग्दर्शक म्हणाला, सर, त्याशिवाय फिल्म पुरी होत नाही. निवड माझ्या हातात नाही, वरचे ठरवतात.

“ठरवू दे,” आप्पा म्हणाले. “चहा घेऊन जावा.”

त्यांनी चहा घेतला. फ्रिजवरची चादर काढली, कॅलेंडर मात्र तसंच विसरून गेले. जाताना मुलगी माझ्यापाशी आली, हातातला कागद दाखवून म्हणाली, “मॅडम, हे सगळं तुम्हीच लिहिलं होतंत ना? आम्ही त्याप्रमाणेच केलं.” ती तक्रार करत नव्हती, फक्त विचारत होती. पण आप्पा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी तो कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि तिथेच उभ्यानं वाचला.

गाडी गेल्यावर ते बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. मी जवळ जाऊन उभी राहिले. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, “शंभर शब्दांत बसवलंस व्हय गं सगळं?”

नंतर पलंगाखालून माझी पदवी काढताना बघितलं, काच एका कोपऱ्यात तडकली होती. मी ती तशीच लावली.

पुढे फोन आला नाही. आप्पांनी वाट बघतोय असं दाखवलं नाही, पण तीन आठवडे मोबाइल अंघोळीलाही आत घेऊन जायचे. मग तेही थांबलं. कार्यक्रमाच्या वेळी ते फिरायला बाहेर पडू लागले. आईनं कधी नव्हे ती एक मालिका लावली आणि तिला ती अजिबात आवडली नाही. गुरुजी आठ दिवस त्यांच्या घरी, सुनेच्या मोबाइलवर, कानात तारा घालून एकटेच बघत होते. नवव्या दिवशी आमच्या दारात आले.

“लावा पोस्टमास्तर टीव्ही,” म्हणाले. “एकट्याला चुकायला मजा येत न्हाय.”

आप्पांनी लावला नाही. गुरुजी तरी बसून राहिले, बंद टीव्हीकडे बघत, आणि तासाभरानं उठून गेले. दुसऱ्या दिवशीही आले. तिसऱ्या दिवशी आप्पांनी रिमोट त्यांच्याकडे सरकवला.

असे दोन महिने गेले असतील. एका संध्याकाळी कार्यक्रमाची जाहिरात लागली. बासरीचं करुण संगीत, सामान्य माणसांची स्वप्नं वगैरे, आणि मधेच, डोळ्याची पापणी लवायच्या आत, आमचा दगडी चढाव, दूधवाल्याची सायकल, आणि घामाघूम झालेले आप्पा. खुर्ची नाही, प्रश्न नाही, नावही नाही. दोन सेकंद धाप.

पाच मिनिटांत गल्ली आमच्या दारात. कोणी पेढे आणले. दूधवाला सगळ्यात खूश, कारण सायकल त्याची ओळखू येत होती. आप्पा प्रत्येकाला सांगत होते, अवो, मी गेलोच न्हाय तिकडं, ही नुसती जाहिरात हाय. पण टीव्हीवर दिसलेला माणूस आणि टीव्हीवर जिंकलेला माणूस यांत आमच्या गल्लीला फरक करायचा नव्हता. पुढच्या रविवारी आमच्या बुद्धविहाराच्या सभागृहात सत्कार ठरला.

सत्काराला दोन्ही पुढारी होते. मराठी पुढाऱ्यांनी शाल घातली आणि सांगितलं, की परमुलखात जाऊन यांनी मराठीचा झेंडा लावला. कन्नड पुढाऱ्यांनी दुसरी शाल घातली आणि सांगितलं, की यांनी कन्नड ज्ञानाची शान वाढवली. दोन शालींत, भर उन्हाळ्यात, आप्पा उभे राहिले. गुरुजी पहिल्या रांगेत कोटात होते, प्रशिक्षक म्हणून त्यांनाही नारळ मिळाला होता.

“मी त्या खुर्चीवर बसलेलो न्हाय,” आप्पा म्हणाले. “मला कुणी एकबी प्रश्न टीव्हीवर इच्यारला न्हाय. दूधवाल्याची सायकल घेऊन चढलो तेवढंच.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या मागे बसलेल्या बाई शेजारणीला म्हणाल्या, “बघ की, केवढा मोठा माणूस, पण गर्व न्हाय.”

त्या संध्याकाळी मी बेळगावला परत जायला निघणार होते, पण राहिले. कन्नड कार्यक्रम लागला होता. आप्पा आणि गुरुजी चिठ्ठ्या घेऊन बसले होते. खुर्चीवर कुठल्याशा खेड्यातली एक बाई होती. प्रश्न सुरू व्हायच्या आधी तिची फिल्म दाखवली, चूल, धूर, पदराला पुसलेले डोळे. आई दारात उभी राहून बघत होती.

“हिला रडवलं बघ,” ती म्हणाली.

मी बरेच दिवस धीर गोळा करत होते. म्हटलं, “आई, त्या अर्जात मी तुझ्या वखारीचं लिहायला नको हुतं. तुला न इच्यारता.”

“लिवलंस ते लिवलंस. पर तुला काय म्हाईत तितलं?” आई माझ्या शेजारी येऊन बसली, पीठ लागलेले हात तसेच मांडीवर. “आमचा मुकादम हुता. तंबाखूच्या वखारीचा मुकादम, आणि त्याला तंबाखूचीच शिंक. खरं सांगते. पाऊल आत टाकलं की आ-छी. तो ओरडायला आला की आमी बायका ढीग जरा जास्तच हलवायचो. तो ‘कामं करा गं’ म्हणायचा, पर ‘कामं’ झाल्यावर ‘करा’ यायच्या आत शिंक. अर्ध्या तासाचं बोलणं त्याला दिवसभर पुरायचं. लई हसायचो आमी. तोंडाला पदर बांधलेला, त्यामुळं हसू दिसायचं न्हाय त्याला.”

गुरुजींनी चिठ्ठी खाली ठेवली. आप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

“माझ्या बाजूला बसायची एक,” आई पुढे म्हणाली, “ती त्याची हुबेहूब नक्कल करायची. शिंक सुद्धा. एकदा तो मागंच उभा, आणि हिची शिंक चालू. वळून बघते तर त्यो! तर त्यालाच शिंक आली आणि हिला रागवायचं राहिलं.” ती हसत होती, आणि हसता हसता थांबली. “ती लवकर गेली. छातीनं.”

गुरुजींनी विचारलं, “मग, पुढं मुकादमाचं काय झालं?”

“काय व्हायचंय? मिरची-मसाल्याचं दुकान काढलं त्यानं,” आई म्हणाली, आणि आप्पा इतके जोरात हसले, की त्यांच्या मांडीवरच्या सगळ्या चिठ्ठ्या खाली सांडल्या.